जहाजाची खिडकी गोल का?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या विषयाचे नाव वाचून काहींना गंमत वाटली असेल. शिक्षणाच्या मेळाव्यात जहाजाच्या खिडकीचे काय काम? पण हा विषय मी निवडलेला नाही. तो आठवीच्या वर्गातील एका मुलीने माझ्यावर लादला, आणि त्यात माझी जी फजिती झाली तिच्यापासूनच मला सुरुवात केली पाहिजे.

इतिहासाच्या तासाला मी फळ्यावर आगबोट काढली. धुराडे काढले, डोलकाठी काढली आणि बाजूला ओळीने पाच-सहा गोल खिडक्या काढल्या. ही मुलगी उठून म्हणाली, "सर, खिडक्या गोल का काढल्या? माझे अब्बा बोटीवर आहेत. मोबाइलवर बोलताना त्यांच्या मागे खिडकी दिसते, ती तर चौकोनी आहे." मी इतिहासाचा बी. ए. मला उत्तर ठाऊक नव्हते. तसे सांगायला हवे होते, पण चाळीस मुले पाहत असली की मास्तराची जीभ घसरते. मी म्हणालो, "अगं, जुन्या काळी शोभेसाठी गोल ठेवीत. आता तसे राहिले नाही." मुलगी खाली बसली आणि तास पुढे सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिचे आजोबा शाळेत आले. वय ऐंशीच्या आसपास, गुडघे दुखतात म्हणून हातात काठी, पण आवाज अजून डेकवरचा. आयुष्याची तीस वर्षे त्यांनी बोटीवर काढली. खलाशी म्हणून चढले आणि सारंग होऊन उतरले. मला म्हणाले, "मास्तर, पोरीला शोभेचे सांगितलेत म्हणे? बोटीवर शोभेची वस्तू एकच असते, कप्तानाची टोपी. बाकी प्रत्येक वस्तूमागे कुणाचा तरी जीव गेलेला असतो."

मी त्यांना 'चाचा, बसा' म्हणून खुर्ची दिली. त्या दिवशी आणि नंतर काही संध्याकाळी त्यांच्या ओटीवर मी जे ऐकले, आणि मग स्वतः पुस्तके चाळून जे पडताळून पाहिले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो. विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनी काही आकडे तपासून दिले आहेत. त्यांचा मी आभारी आहे.

आधी एक समज दूर केला पाहिजे. जहाजाला भोक नको, ते बंदिस्त असावे, ही मूळ वृत्ती आहे. आपल्या गलबताला किंवा मचव्याला बाजूला खिडकी कधी कुणी पाहिली आहे काय? बाजूला भोके पडली ती तोफांसाठी. सन १५०० च्या आसपास युरोपातील लढाऊ जहाजांना बाजूला झडपांची दारे ठेवू लागले. त्यातून तोफेचे तोंड बाहेर काढीत. त्या दाराला त्यांच्या भाषेत 'पोर्ट' म्हणत, त्यावरून पोर्टहोल हा शब्द आला. ही भोके चौकोनीच होती. लाकडी जहाज फळ्यांचे आणि बरगड्यांचे असते. फळी कापली की भोक आपोआप चौकोनी होते, आणि एका फळीला तडा गेला तरी तो सांध्यापाशी थांबतो, शेजारच्या फळीत शिरत नाही. लाकडाला कोपऱ्याची भीती फारशी नाही.

भीती होती ती पाण्याची. इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचे 'मेरी रोज' हे जहाज १९ जुलै १५४५ रोजी लढाई चालू असताना कलले, उघड्या तोफदारांतून पाणी आत गेले आणि ते किनाऱ्याच्या नजरेसमोर बुडाले. स्वीडनचे 'वासा' त्याहून दुर्दैवी. १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमच्या बंदरातून ते पहिल्यांदाच निघाले, एक मैलही गेले नाही तोच वाऱ्याच्या झोताने एका अंगाला झुकले. खालच्या रांगेतील तोफदारे उघडी होती. पुढे काय झाले हे सांगायला नको. ही दोन्ही जहाजे आज समुद्राच्या तळातून वर काढून संग्रहालयात ठेवलेली आहेत. 'वासा' १९६१ साली, 'मेरी रोज' १९८२ साली. भोक बाजूला असले की जहाज सरळ असताना ते पाण्याच्या वर असते, कलल्यावर ते पाण्याखाली जाते. साधी गोष्ट आहे, पण ती दरवेळी नव्याने शिकावी लागली.

मग लोखंड आले, वाफ आली. लाकडाच्या जागी लोखंडी पत्रा आला आणि कोपऱ्याचा प्रश्न उभा राहिला. इथे जरा थांबू या, कारण सगळ्या विषयाचे मर्म इथे आहे. गणिताचे नाव काढले की मागच्या बाकावरची मुले पंख्याकडे पाहू लागतात, म्हणून मी आधी शिंप्याकडे जातो.

आपल्या कुडत्याला दोन्ही बाजूंना चाक असतो. तो कुठे फाटतो? नेहमी वरच्या टोकाला, जिथे चीर संपते तिथे. माझ्या मातांना आणि बहिणींना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणून चांगला शिंपी त्या टोकाला कापडाचा लहानसा तुकडा लावतो किंवा आडवे टाके घालून ती जागा पक्की करतो. बाकी कापड तेच, धागा तोच, ओढही सगळ्या कापडावर सारखीच. मग फाटते नेमके टोकालाच का?

याचे कारण असे. ताणलेल्या कापडातून किंवा पत्र्यातून ओढ जणू प्रवाहासारखी वाहत असते. ओढ्यात मोठा दगड आला की पाणी दोन्ही बाजूंनी वळसा घालते आणि दगडाच्या कडेशी पाण्याची गर्दी होते. पत्र्याला भोक पाडले की ओढीचेही तसेच होते. भोकातून ती जाऊ शकत नाही, म्हणून कडेने वळते आणि तिथे दाटते. कडेला गोल वळण असेल तर ती दाटी पसरते. एकदम टोक असेल तर सारी दाटी त्या टोकावर येते. पत्रा फाटायला सुरुवात होते ती तिथून.

हे मोजता येते काय? येते. किर्श नावाच्या जर्मन अभियंत्याने १८९८ साली दाखवून दिले की मोठ्या पत्र्यात लहानसे गोल भोक पाडले तर त्याच्या कडेवरचा ताण मूळ ताणाच्या तिप्पट होतो. पुढे १९१३ साली केंब्रिजच्या चार्ल्स इंग्लिस यांनी लंबवर्तुळाच्या आकाराच्या भोकाचे सूत्र दिले. दहावीच्या मुलांनी वहीत लिहून घ्यावे. ओढीच्या आडव्या दिशेची भोकाची लांबी ओढीच्या दिशेतील रुंदीने भागा, आलेल्या उत्तराची दुप्पट करा आणि त्यात एक मिळवा. जितके येईल तितके पट ताण त्या भोकाच्या टोकाशी येतो. वर्तुळाला लांबी-रुंदी सारखी, म्हणून भागाकार एक, दुप्पट दोन, अधिक एक, म्हणजे तीन. किर्शचे उत्तर आपोआप आले. आता भोक रुंदीच्या चौपट लांब करून ओढीला आडवे ठेवा. चाराची दुप्पट आठ, अधिक एक, नऊ. भोक चपटे आणि टोकदार होत गेले की आकडा वाढतच जातो. काटकोनी कोपऱ्याचा हिशेब केला तर तो मर्यादेबाहेर जातो. प्रत्यक्षात पत्रा थोडा दबतो, वाकतो, म्हणून लगेच फाटत नाही. पण तडा जन्माला यायचा तो तिथेच.

इंग्लिस यांनी हा निबंध कुठे वाचला? जहाजे बांधणाऱ्या अभियंत्यांच्या संस्थेत. ही विद्या जहाजांसाठीच निर्माण झाली.

घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग सांगतो. प्लास्टिकच्या पातळ पिशवीच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. एका पट्टीच्या मध्यावर पात्याने लहानशी आडवी चीर द्या. दुसऱ्या पट्टीवर तेवढ्याच रुंदीचे गोल भोक पाडा, कड अगदी स्वच्छ कापा. दोन्ही पट्ट्या हाताने लांबवर ओढा. मी वर्गात मुलांकडून करून घेतले आहे. चिरेची पट्टी आधी जाते, आणि जाताना सरळ आडवी जाते. मग तिसरी पट्टी घ्या, चीर द्या, आणि चिरेच्या दोन्ही टोकांना कागदाला भोक पाडण्याच्या पंचाने गोल भोक पाडा. ती पट्टी पहिलीपेक्षा जास्त ओढ सहन करते. आपल्याकडे गॅरेजमध्ये मेस्त्री पत्र्याला गेलेल्या तड्याच्या टोकाशी ड्रिलने भोक पाडतो, ते यासाठीच. भोक पाडून मजबुती येते हे ऐकायला विचित्र वाटते. पण ज्या मेस्त्रीने इंग्लिसचे नावही ऐकलेले नाही तो हे बरोबर करतो.

आता जहाजावर चला. चाचा म्हणाले, "मास्तर, बोट समुद्रात वाकते, ठाऊक आहे?" मला ठाऊक नव्हते. दोनशे मीटर लांबीचे पोलादी जहाज वाकेल कसे? पण वाकते. मोठी लाट मध्यावर आली की जहाजाची दोन्ही टोके खाली लोंबतात आणि डेकवर ताण येतो. लाट पुढे सरकून दोन लाटा दोन टोकांखाली आल्या की मध्य खाली झुकतो आणि तळावर ताण येतो. दर आठ-दहा सेकंदांना एक लाट धरली तर दिवसाला नऊ-दहा हजार वेळा हे चालते. लोखंडी तार आपण पुढे-मागे वाकवून तोडतो ना? जोर फारसा लागत नाही, वारंवार वाकवावी लागते इतकेच. समुद्र जहाजाला तेच करीत असतो, वर्षानुवर्षे. अशा पत्र्यात टोकदार कोपऱ्याची खिडकी कापणे म्हणजे तड्याला बोलावून जागा करून देण्यासारखे आहे.

पुस्तकातील हे गणित समुद्रात खरे ठरल्याचा पुरावा पुढे मिळाला. दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेने 'लिबर्टी' जातीची सुमारे २७०० मालवाहू जहाजे भराभर बांधली. पूर्वी पत्रे रिव्हेट मारून जोडीत. घाईसाठी वेल्डिंग केले. रिव्हेटच्या जहाजात एका पत्र्याला तडा गेला तर तो पत्र्याच्या कडेला थांबे, लाकडी फळीसारखाच. वेल्डिंगने सारे जहाज एकच पत्रा झाले, तडा अडवायला कुणी उरले नाही. थंड समुद्रात अनेक जहाजांना तडे गेले, काही तर दोन तुकडे होऊन पडली. पुष्कळ तडे सुरू झाले ते मालाच्या हॅचच्या काटकोनी कोपऱ्यांतून. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या विदुषीने दाखवले की ते पोलाद थंडीत काचेसारखे ठिसूळ होत होते. वेल्डिंगमधील उणिवाही होत्या. सगळा दोष कोपऱ्याला देता येत नाही. पण दुरुस्ती करताना जे केले त्यात कोपरे गोल करणे हे एक मुख्य काम होते. विद्यार्थिनींनी टिपरबाईंचे नाव लक्षात ठेवावे. 

विमानानेही हाच धडा गिरवला. ब्रिटनची 'कॉमेट' ही जेट प्रवासी विमाने १९५४ साली दोन वेळा आकाशातच फुटली, जानेवारीत एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये नेपल्सजवळ. मग तशाच एका विमानाचे धड पाण्याच्या टाकीत ठेवून आतला दाब पुन्हा पुन्हा वाढवून-उतरवून पाहिले. ते फाटले तेव्हा तडा खिडकीच्या कोपऱ्याशी सुरू झाला होता. त्या खिडक्या अगदी काटकोनी नव्हत्या, कोपरे थोडे वळवलेले होते. ते थोडे पुरले नाही. आता विमानात बसाल तेव्हा खिडकीचे कोपरे पाहा.

परंतु गोल खिडकीचे सारे श्रेय या एका कारणाला देणे बरोबर नाही, असे माझे मत झाले आहे. पुस्तके एवढेच सांगून थांबतात. चाचांना मी कोपऱ्याचे गणित सांगितले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "ते असेल. पण पाणी आत येऊ नये, हे आधी." हीच बाजू जास्त महत्त्वाची आहे.

जहाजाची बाजूची खिडकी म्हणजे नुसते भोक आणि काच नव्हे. पत्र्याला पक्के बसवलेले पितळेचे किंवा पोलादाचे जाड कडे असते. त्यावर बिजागरीने उघडणारे दुसरे कडे, त्यात काच. दोन्ही कड्यांच्या मध्ये रबराची वादी. बंद करताना दोन-तीन बोल्ट त्यावर पाडून कानाचे नट हाताने आवळायचे. कडे गोल असले की रबर सर्व बाजूंनी सारखे दाबले जाते. चौकोनी चौकट आवळून पाहा, कुठला तरी एक कोपरा ढिला राहतोच. आपल्या घरच्या खिडक्या पावसाळ्यात कुठून गळतात? कोपऱ्यातून. शिवाय गोल कडे लेथवर फिरवून अचूक कातता येते, चौकोनी तसे येत नाही. काचेचेही तेच. गोल काचेला कोपरा नाही, पाण्याचा दाब कडेवर सारखा वाटला जातो. ही काच खास कडक केलेली असते, जागेप्रमाणे साधारण १० ते १९ मिलिमीटर जाड.

काचेच्या आत आणखी एक पोलादी झाकण असते, त्याला डेडलाइट म्हणतात. तुफानात काच फुटली तरी पाणी अडावे म्हणून ते काचेवर आवळून टाकायचे. महायुद्धात शत्रूला उजेड दिसू नये म्हणूनही रात्री ही झाकणे लावीत. बाहेरच्या अंगाला खिडकीच्या वर पत्र्याची लहानशी कमान असते, वरून ओघळणारे पाणी बाजूला वळवण्यासाठी. आपल्या डोळ्यावर भुवई असते तशी, आणि इंग्रज खलाशी तिला भुवईच म्हणतात.

आता दाबाचा हिशेब. पाण्याखाली दर मीटरला एका चौरस मीटरवर सुमारे एक टन भार येतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या खिडकीचे क्षेत्रफळ सुमारे ०.०७ चौरस मीटर. ती तीन मीटर पाण्याखाली गेली तर काचेवर दोनशे किलोंहून अधिक भार. आणि हे शांत पाण्याचे, आदळणाऱ्या लाटेचे वेगळे. खिडकी लहान का, तर भार क्षेत्रफळावर आहे. व्यास दुप्पट केला की भार चौपट.

आणि ती खिडकी उघडी राहिली तर? एक मीटर पाण्याखाली गेलेल्या तेवढ्याच एका भोकातून मिनिटाला सुमारे अकरा टन पाणी आत येते. अशा वीस खिडक्या धरा. कुठलाही पंप त्याला पुरा पडणार नाही.

हे केवळ तर्काचे नाही. २९ मे १९१४ च्या पहाटे कॅनडाच्या सेंट लॉरेन्स नदीत धुक्यात 'एम्प्रेस ऑफ आयर्लंड' या प्रवासी जहाजाला दुसऱ्या जहाजाची धडक बसली. माणसे झोपेत होती, हवेसाठी खालच्या खोल्यांच्या खिडक्या उघड्या होत्या. जहाज कलले, त्या खिडक्या पाण्यात गेल्या. १४ मिनिटांत सारे संपले. हजाराहून अधिक माणसे गेली.

त्याहून मला 'ब्रिटानिक'ची हकीकत जास्त लागली. 'टायटॅनिक'चे हे धाकटे भावंड. 'टायटॅनिक' १९१२ साली बुडाल्यावर शहाणे होऊन याला दुहेरी कवच घातले, आतल्या भिंती उंच केल्या. पुढचे सहा कप्पे पाण्याने भरले तरी ते तरंगावे अशी योजना होती. महायुद्धात ते इस्पितळ-जहाज झाले. २१ नोव्हेंबर १९१६ रोजी सकाळी सव्वाआठच्या सुमारास ग्रीसच्या केआ बेटाजवळ त्याला सुरुंग लागला. जखमी सैनिक अजून चढायचे होते. ते येण्याआधी वॉर्डांत मोकळी हवा यावी म्हणून परिचारिकांनी खिडक्या उघडून ठेवल्या होत्या. त्या जपून काम करणाऱ्या बाया होत्या. रुग्णाला स्वच्छ हवा हवी हेच त्यांना शिकवलेले होते. जहाज कलले आणि त्या खिडक्या पाण्याखाली गेल्या. कोट्यवधी खर्चून उभारलेल्या भिंतींना बगल देऊन पाणी त्या गोल भोकांतून शिरले. ५५ मिनिटांत ते जहाज तळाशी गेले. किनारा जवळ, समुद्र शांत, होड्या पुरेशा, म्हणून हजारावर माणसांपैकी ३० च दगावली.

कलण्याचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. ३० मीटर रुंदीचे जहाज १० अंश कलले तर त्याची एक बाजू अडीच मीटरहून अधिक खाली जाते. पाण्यापासून दोन मीटर उंच असलेली, अगदी निर्धास्त वाटणारी खिडकी तेवढ्याने बुडते.

आज या गोष्टी कोणाच्या मर्जीवर सोडलेल्या नाहीत. भाररेषेच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे ०.१६ चौरस मीटरपर्यंतच्या गोल वा लंबगोल उघडीलाच बाजूची खिडकी म्हणतात, म्हणजे गोल असेल तर व्यास सुमारे ४५ सेंटिमीटर. तिची खालची कड पूर्ण भरलेल्या जहाजाच्या पाणरेषेपासून किमान ५०० मिलिमीटर किंवा जहाजाच्या रुंदीच्या अडीच टक्के, जे जास्त असेल तितकी वर हवी. आणि समुद्रातील जीवरक्षणाचा जो करार आहे, ज्याला सोलास म्हणतात, त्यात असे आहे की अगदी खालच्या खिडक्या कप्तानाच्या परवानगीशिवाय कुणालाही उघडता येऊ नयेत अशाच बांधणीच्या असाव्यात. नियमाची भाषा रुक्ष असते. पण ते कलम वाचताना मला त्या परिचारिका दिसतात.

चाचांनी एक आठवण सांगितली ती इथे सांगितलीच पाहिजे. आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांपैकी अनेकांनी हजचा प्रवास मुंबईहून जिद्दापर्यंत बोटीने केला आहे. तो मार्ग १९९५ साली बंद झाला. चाचा काही वर्षे हाजींच्या बोटीवर होते. हिजरी महिने ऋतूंमधून फिरत असतात. १९८८ नंतरची काही वर्षे हज जून-जुलैत आला, ऐन पावसाळ्यात. अरबी समुद्र कसा उसळतो हे किनाऱ्यावरच्यांना सांगायला नको. एरवी शांत समुद्रात खलाशी खिडकीत पत्र्याचे सुपासारखे अर्धगोल भांडे बसवीत, बाहेर तोंड काढून ते वारा पकडी आणि आत सोडी. पावसाळ्यात ते नाही. खालची सारी पोर्ट बंद, डेडलाइट आवळलेली. आत माणसांची गर्दी, उष्मा, उलट्यांचा वास.

"एक म्हातारी होती," चाचा म्हणाले. "आपल्याच बाजूची. तिचा दम कोंडत होता. दर फेरीला मला म्हणायची, बेटा, जरासे उघड. मी म्हणायचो, अम्मा, हुकूम नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, हवा अल्लाहची, अडवणारा तू कोण? मी काही बोललो नाही. तिला उचलून वर डेकवर नेले, दोरीला धरून बसवले, भिजली तरी चालेल म्हटले. पण खिडकी उघडली नाही. मास्तर, तेव्हा मला कुणी हे ताणाचे नि टनाचे गणित सांगितले नव्हते. सारंगाने मला शिकवले होते, बंद म्हणजे बंद. कारण ठाऊक असते तर तिला नीट समजावून तरी सांगितले असते. ती जिद्दाला उतरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही."

मी विचारले, "कारण आता कळले ना?" तर म्हणाले, "मला आता कळून काय उपयोग? पोराला कळले पाहिजे." त्यांचा मुलगा, म्हणजे आमच्या विद्यार्थिनीचे वडील, दहावीला गणित आणि विज्ञान धरून बसले म्हणून बोटीवरच्या प्रशिक्षणाला लागू शकले. चाचांनी त्यांना गणिताची शिकवणी लावली तेव्हा गावात लोक हसले होते. बोटीवर दोर ओढायचा आहे, भूमिती कशाला? इथे बसलेल्या काही पालकांच्या तोंडून हेच वाक्य मी याच वर्षी ऐकले आहे. नावे घेत नाही.

आता त्या मुलीचा मूळ प्रश्न. तिच्या अब्बांच्या केबिनची खिडकी चौकोनी कशी? आणि खरे सांगायचे तर तिला पडलेला प्रश्न हा नव्हताच. गोल खिडकीवर आजोबांचे बोलणे घरी सुरू झाल्यापासून ती रात्री विचारू लागली होती, की अब्बांची बोट जुन्या बोटींपेक्षा कमी मजबूत आहे काय.

उत्तर असे आहे. हल्लीच्या मालवाहू जहाजात राहण्याच्या खोल्या मागच्या बाजूला, डेकच्या वर उभ्या केलेल्या मजल्यांत असतात, पाण्यापासून कितीतरी उंच. आता वातानुकूलन आहे, हवेसाठी खिडकी उघडावी लागत नाही. त्या उंचीवर मोठी चौकोनी खिडकी चालते. मात्र खाली, कवचाच्या अंगाला, जिथे लाटेचा मार आहे तिथे आजही गोलच. प्रवासी जहाजांचेही तेच. वरच्या मजल्यांवर भिंतभर काचा आणि सज्जे, खाली पाण्याजवळ गोल खिडक्यांची रांग. पुढच्या वेळी मुंबई बंदरात असे जहाज दिसले तर मजले मोजत खाली या, म्हणजे पटेल. आणि सुकाणूच्या खोलीत पुष्कळ जहाजांवर एक गोल काच अजून असते. ती विजेवर गरागरा फिरते आणि पावसाचे, लाटेचे पाणी भिरकावून देते, म्हणजे पुढचे दिसते. ही मात्र वेगळ्या कारणाने गोल.

एवढे मी वर्गात सांगितले. आधी माझे शोभेचे उत्तर चुकीचे होते हे सांगितले, मग हे. मुलगी ऐकत होती, पण समाधान झाल्यासारखे दिसले नाही. म्हणाली, "सर, पण चौकोनी म्हणजे कोपरे आले."

मी म्हणालो, "तूच विचार तुझ्या अब्बांना."

त्या आठवड्यात तिने फोनवर विचारले. ते त्या वेळी सिंगापूरच्या वाटेवर होते, बंदर जवळ आले तेव्हा त्यांनी फोटो पाठवला. सोमवारी तिने तो मोबाइल चाचांकरवी शाळेत आणून मला दाखवला. खिडकीच्या एका कोपऱ्याचा जवळून काढलेला फोटो होता. कोपऱ्याला काटकोन नव्हता, चांगले रुंद वळण होते, आणि ते किती रुंद हे कळावे म्हणून तिच्या अब्बांनी त्या वळणात चहाचा कप टेकवून धरला होता. कप अगदी बरोबर बसला होता. मुलीने वहीत घरच्या कपाभोवती पेन्सिल फिरवून तसाच कोपरा काढून आणला होता, आणि खाली फुटपट्टीने मोजून त्रिज्या लिहिली होती.